गळतीचा हिशेब

मँचेस्टर शहराजवळ सेल नावाचे एक गाव आहे. तिथल्या ब्रुकलँड्स दफनभूमीत एका थडग्याच्या दगडावर ७७२.५५ असा आकडा कोरलेला आहे. थडग्यावर नाव असते, तारखा असतात, धर्मग्रंथातले एखादे वचन असते. पण दशांश चिन्हासकट आकडा घेऊन चिरनिद्रा घेणारा माणूस विरळाच. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हे त्याचे नाव. शाळेत असताना आपण सगळेच त्याला एक एकक म्हणून भेटलेलो असतो आणि परीक्षा संपली की विसरलेलो असतो.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. दिवसअखेर जमा आणि नावे जुळल्याशिवाय शाखेतून कुणी घरी जायचे नाही, असा तो संगणकापूर्वीचा काळ. फरक पाच हजारांचा असला तर पटकन सापडायचा. खरा छळ नऊ रुपयांचा! फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता फार, ५४ चे ४५ लिहिले गेले असणार, हे जुन्या हेडक्लार्क मंडळींनी आम्हाला शिकवले होते. फरक लहान आहे म्हणून सोडायचा नाही. पैसा हवेत विरत नाही, तो कुठल्या तरी खात्यात गेलेला असतो, ही त्यांची शिकवण. ज्यूलने उष्णतेच्या बाबतीत आयुष्यभर नेमके हेच केले. म्हणूनच बिअरच्या कारखानदाराचा हा मुलगा मला नेहमीच आमच्या जातकुळीतला वाटत आला आहे.

२४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्डमध्ये त्याचा जन्म झाला. आजोबांनी ब्रुअरी काढली, वडिलांनी, म्हणजे बेंजामिन ज्यूल यांनी ती वाढवली. घर कारखान्याच्या शेजारीच. जेम्स लहानपणापासून नाजूक. पाठीच्या कण्याचे दुखणे, स्वभाव कमालीचा लाजरा. त्यामुळे शाळेऐवजी घरीच शिकवणी. पुढे वडिलांनी त्याला आणि थोरल्या भावाला थेट जॉन डाल्टन यांच्याकडे धाडले. अणुसिद्धांत मांडणारे हेच ते डाल्टन. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण उदरनिर्वाहासाठी शिकवण्या घ्यायचा. त्यांनी या दोन मुलांकडून अंकगणित आणि भूमिती घोटून घेतली. रसायनशास्त्राकडे वळायची वेळ आली तोवर, १८३७ साली, डाल्टन यांना अर्धांगाचा झटका आला आणि शिकवणी थांबली. जेम्सचे औपचारिक शिक्षण म्हणायचे तर एवढेच. विद्यापीठाचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही.

मग त्याला घडवले कुणी? माझे उत्तर : बिअरच्या कारखान्याने.

बिअर करणे म्हणजे तापमानाचा खेळ. मोड आणून वाळवलेली बार्ली भरडायची आणि गरम पाण्यात भिजत ठेवायची. हे पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. त्याहून फार गार असले तर दाण्यातल्या पिठाची साखर नीट होत नाही, फार कढत असले तर ती करणारे घटकच मरतात. पुढे तो रस हॉप्स नावाची कडसर फुले घालून उकळायचा, निववायचा, आणि मगच यीस्ट घालायचे. आपल्याकडे दही लावणाऱ्या प्रत्येक घरात ही विद्या आहे. दूध कढत असताना विरजण लावले तर दही बिघडते, अगदी गार असताना लावले तर लागत नाही. आपल्या आज्या बोट बुडवून नेमका क्षण सांगत. पण ज्या कारखान्यात पिंपांवर पिंपे भरायची, तिथे एका अंशाची चूक म्हणजे सबंध घाण्याचे नुकसान. तिथे बोट चालत नाही, थर्मामीटर लागतो. पंधराव्या वर्षाच्या सुमारास जेम्स कारखान्यात जाऊ लागला. एका अंशाची किंमत पैशांत किती, हे त्याला प्राध्यापकांच्या फार आधी कळले.

ब्रुअरीत पंप आणि यंत्रे चालत ती वाफेवर. त्या सुमारास युरोपभर एका नव्या खेळण्याचा बोलबाला होता, विजेवर फिरणाऱ्या यंत्राचा. कोळसा नको, धूर नको, बॅटरी जोडली की चाक फिरते! कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून तिथे विजेचे बसवता येईल का, हा प्रश्न तरुण जेम्सच्या मनात आला. वडिलांनी घरीच एक खोली प्रयोगांसाठी दिली होती. एकोणिसाव्या वर्षी, १८३८ साली, या यंत्रावरचा त्याचा पहिला लेख छापून आला.

तीन वर्षांच्या खटाटोपानंतर, १८४१ साली, त्याने हिशेब मांडला. त्या काळच्या बॅटरीत जस्त खर्च व्हायचे. एक पौंड जस्त संपवून त्याचे यंत्र जेवढे काम करी, त्याच्या चौपटीहून अधिक काम कॉर्नवॉलमधली उत्तम वाफेची इंजिने एक पौंड कोळशात करत. जस्त कोळशापेक्षा महाग, ते वेगळेच. दुसरा एखादा संशोधक स्वप्नाला चिकटून राहिला असता. याने मात्र धंदेवाईक माणसासारखे खाते बंद केले. विजेचे इंजिन परवडत नाही, विषय संपला.

पण खाते बंद करताना एक फरक त्याच्या डोळ्यांत खुपत राहिला. बॅटरीतून जे निघते ते सगळे चाकापर्यंत पोचत नाही. तारा तापतात. ही उष्णता म्हणजे गळती. पण ती किती आणि कुठल्या नियमाने? त्याने काचेच्या बारीक नळीवर तार गुंडाळली, ती नळी पाण्याने भरलेल्या भांड्यात बुडवली, तारेतून वीज सोडली आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजत बसला. तारा बदलल्या, प्रवाह बदलला. १८४० च्या डिसेंबरात, बाविसावे वर्ष पुरे होत असताना, त्याच्या हाती नियम आला. तारेत निर्माण होणारी उष्णता तारेच्या विरोधाच्या प्रमाणात वाढते आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट. रॉयल सोसायटीने त्या लेखाचा केवळ सारांश छापला. बाकीचा लेख दुसऱ्या नियतकालिकात यावा लागला.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, पाण्यात बुडवलेली तापती तार म्हणजे दुसरे काही नाही, आपला गीझर, विजेची किटली आणि बादलीत सोडायचा तो रॉड. भिंतीतल्या वायरीतून आणि गीझरच्या कॉइलमधून एकच प्रवाह वाहतो. वायर जवळजवळ गार राहते, कॉइल लालबुंद होऊ शकते, कारण वायरचा विरोध नगण्य आणि कॉइलचा भरपूर. प्लग सैल बसला की तिथे विरोध वाढतो आणि प्लग काळा पडतो. ही सगळी ज्यूलच्या नियमाची घरगुती रूपे.

आता एक गमतीचा योगायोग सांगतो. ब्रिटनमध्ये घरी स्वतःपुरती बिअर करायला पूर्वी परवाना लागे. १९६३ साली ती अट गेली आणि तिथे हौशी मंडळींचा मोठा वर्ग तयार झाला. प्लास्टिकची मोठी बादली घ्यायची, तळाजवळ भोक पाडून किटलीचे एलिमेंट बसवायचे, खाली एक तोटी, की झाला घरगुती बॉयलर! (आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग कायद्यात बसत नाही, तेव्हा कुणी बादली शोधायला उठू नये.) ब्रुअरीवाल्याच्या मुलाने पाण्यात बुडवलेली तार अशी सव्वाशे वर्षांनी पुन्हा बिअरच्या पातेल्यात येऊन पडली.

या बॉयलरची नेहमीची तक्रार म्हणजे गळती. एलिमेंट जिथे बादलीच्या भिंतीतून आत शिरते तिथे थेंब येतात. गार पाणी भरले तर कोरडे, उकळी येऊ लागली की ठिबक सुरू. कारण धातू, रबर आणि प्लास्टिक उष्णतेने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, शिवाय प्लास्टिक मऊ पडते. बहुतेक जण घाईने नट आणखी आवळतात. पातळ भिंत वाकते आणि थेंबाची धार होते. जाणकार माणूस आधी प्लग काढतो, बादली रिकामी करतो, भोकाची खरबरीत कड घासून सपाट करतो, दबलेला वॉशर फेकून उष्णता सोसणारा सिलिकॉनचा वॉशर लावतो आणि नट बेताने आवळतो. मग नुसते पाणी भरून उकळतो, वीज बंद करतो, आणि सांध्याला बाहेरून कोरडा कागद लावून पाहतो. कागद ओला झाला नाही तरच बार्ली आत पडते.

दुसरी गळती डोळ्यांना दिसत नाही. आजच्या एलिमेंटमध्ये तापणारी तार मधोमध असते, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते आणि बाहेर धातूची नळी. भुकटीचे काम असे की उष्णता बाहेर जाऊ द्यायची, वीज अडवायची. नळीला गंजून छिद्र पडले किंवा टोकाची सील सैल झाली की भुकटी ओल धरते आणि वीज बाहेरच्या धातूवर येऊ लागते. अर्थिंग नीट असेल आणि घरात गळतीचा प्रवाह ओळखणारे स्विच असेल तर ते खटकन पडते. आमच्या इमारतीत एका घरी पाण्याला झिणझिण्या येऊ लागल्या तेव्हा तपासायला आलेल्या वायरमनने गीझर दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता एलिमेंटच बदलले, आणि ते योग्यच केले. छिद्र पडलेल्या एलिमेंटला ठिगळ नसते. ज्यांच्या घरी तसे संरक्षक स्विच नाही, त्यांनी ते बसवून घ्यावे, हे आग्रहाने सांगतो.

तिसरी गळती उष्णतेची. पाणी तापत असताना भांड्याच्या भिंतीतून, झाकणाखालून, वाफेतून ती निसटत असते. ज्यूलचे पुढचे सगळे आयुष्य या तिसऱ्या गळतीचा पाठलाग करण्यात गेले.

त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत अशी की उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे. त्याला कॅलरिक म्हणत. तो एका वस्तूतून दुसरीत वाहतो, पण नवा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. बॅटरी जोडलेली असती तर कॅलरिकवाल्यांनी म्हटले असते की उष्णता बॅटरीतून तारेत वाहत आली. म्हणून ज्यूलने बॅटरीच बाजूला ठेवली. पाण्याच्या नळीत बसवलेले तारेचे वेटोळे त्याने चुंबकाच्या प्रभावात फिरवले. त्यात वीज निर्माण झाली, आणि पाणी तापले. ही उष्णता कुठून आली? आत काही वाहून आलेले नव्हते. खर्ची पडले होते ते फक्त चाक फिरवण्याचे काम. वजने खाली सोडून ते काम त्याने मोजले. काम नावे पडले, उष्णता जमा झाली. १८४३ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने ते सांगितले. श्रोते गप्प बसले.

आता दर ठरवायचा होता. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायचे तर किती पौंड वजन एक फूट खाली यावे लागते? पहिल्या प्रयोगात सरासरी ८३८ आली. पाणी बारीक छिद्रांतून दाबून काढले तेव्हा ७७०. हवा दाबून पाहिली तेव्हा ७९८. पाण्यात पंख्याचे चाक फिरवून पाहिले तेव्हा ८९०. हवेवरचा निबंध रॉयल सोसायटीने पूर्ण छापण्याचे नाकारले. आकडे एवढे डळमळीत असताना लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न वाजवीच होता. पण ज्यूलने एकही गैरसोयीचा आकडा दडवला नाही, आणि मला त्याचा मोठेपणा इथे दिसतो. चार वेगळ्या वाटांनी गेले तरी उत्तर त्याच परिसरात येते, म्हणजे खाली एकच सत्य आहे आणि वरचा फरक गळतीचा आहे, अशी त्याची खात्री झाली.

मग सुरू झाली ती गळती बुजवण्याची तपश्चर्या. दिवसा ब्रुअरी, उरलेल्या वेळात प्रयोग. मँचेस्टरचे उपकरणे बनवणारे कारागीर जॉन बेंजामिन डान्सर यांनी त्याच्यासाठी असे थर्मामीटर केले की सरावाने अंशाचा दोनशेवा भाग नजरेने टिपता यावा. तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात पितळेचे पंखे असलेले चाक, चाकाच्या दांड्याला दोऱ्या, आणि दोऱ्यांना प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची दोन शिशाची वजने. वजने ६३ इंच खाली यायची, चाक पाणी घुसळायचे. मग वजने वर गुंडाळून पुन्हा सोडायची. असे वीस वेळा. एवढ्या खटपटीनंतर पाणी तापायचे ते अर्ध्या अंश फॅरनहाइटहून किंचित जास्त. आपल्याकडे रवीने ताक घुसळणाऱ्या बायकांना ते तापल्याचे जाणवणार नाही, इतके थोडे.

या अर्ध्या अंशात चोरी होऊ नये म्हणून त्याने काय केले ते पाहा. धातूच्या दांड्यातून उष्णता वर निसटेल म्हणून दांडा मध्येच तोडून तिथे लाकडाचा तुकडा बसवला. माणसाच्या अंगाची ऊब पाण्याला लागेल म्हणून स्वतःच्या आणि भांड्याच्या मध्ये लाकडी आडोसा उभा केला. तेवढाच वेळ चाक न फिरवता भांडे तसेच ठेवून, खोलीच्या हवेने त्यात किती फरक पडतो ते मोजले आणि वजा केले. कप्पीतले घर्षण, दोऱ्यांचा ताण, वजने जमिनीवर आपटताना उरलेला वेग, सगळे वजा. लेखापरीक्षकाला घरी आणून ठेवावे, तसा हा माणूस स्वतःवर पहारा ठेवून बसला होता.

१८४७ हे त्याच्या आयुष्यातले भाग्याचे वर्ष. एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात त्याने आपले सगळे विचार साध्या भाषेत मांडले. हे व्याख्यान कुठल्याही शास्त्रीय नियतकालिकात नव्हे, तर एका वृत्तपत्रात पूर्ण छापून आले. थोरला भाऊ मँचेस्टर कुरिअरमध्ये संगीतसमीक्षा लिहायचा, त्याच्या वशिल्याने! ऊर्जेच्या अक्षय्यतेचा एक महत्त्वाचा दस्तऐवज असा वृत्तपत्राच्या पानावर उतरला, ही गोष्ट वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला सुखावून जाते.

जूनमध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात त्याला थोडक्यात आटपायला सांगण्यात आले. या वेळीही बाकीची सभा थंडच राहिली असती. पण तिथे जेमतेम तेवीस वर्षांचा एक तरुण प्राध्यापक बसला होता, विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्विन. त्याला सगळे पटले नाही. मात्र या लाजऱ्या ब्रुअरीवाल्याच्या बोलण्यात काहीतरी मोठे आहे हे त्याने ओळखले. दोघांची जन्माची मैत्री जमली.

ऑगस्टमध्ये ज्यूलचे अमेलिया ग्राइम्सशी लग्न झाले. मधुचंद्राला जोडपे आल्प्स पर्वतात गेले. थॉमसनही त्या भागात हिंडत होता. त्याने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार रस्त्यात त्याला ज्यूल भेटला तो हातात लांबलचक थर्मामीटर घेऊन, आणि नवी नवरी मागून गाडीत येत होती. आठवणीला थोडे मीठमसाल्याचे बोट लागले असेल, पण पुढे दोघे मिळून खरोखर एका धबधब्याचे पाणी मोजायला गेले. सुमारे पावणेआठशे फूट कोसळणारे पाणी तळाशी एका अंश फॅरनहाइटने तापायला हवे, असे ज्यूलचे गणित. धबधब्याचे तुषार इतके उडत होते की मोजमाप जमले नाही. अमेलियाबाईंना या प्रकाराचे काय वाटले असेल, यावर एखाद्या कादंबरीकाराला एक प्रकरण सहज लिहिता येईल. मी तो मोह आवरतो.

१८४९ मध्ये पंख्याच्या चाकाच्या प्रयोगांचा अंतिम निबंध रॉयल सोसायटीपुढे गेला. तो मांडला खुद्द मायकेल फॅरडे यांनी. आकडा होता ७७२. पुढच्याच वर्षी सोसायटीने ज्यूलला सदस्य करून घेतले. जर्मनीतले डॉक्टर मायर यांनी हाच विचार १८४२ मध्ये मांडला होता, आणि पहिला मान कुणाचा यावरून पुढे बरीच धुसफूस झाली. कल्पनेचे श्रेय मायर यांना द्यावेच लागते. पण तिचा दर प्रयोगाने ठरवून, पुन्हा पुन्हा तपासून जगापुढे ठेवला तो ज्यूलने.

मानसन्मान येऊ लागले तोच घरावर घाला आला. १८५४ मध्ये बाळंतपणानंतर अमेलिया गेली, तान्हे बाळही गेले. पदरी एक मुलगा आणि एक मुलगी, दोघे अगदी लहान. त्याच सुमारास ब्रुअरी विकली गेली. ज्यूलने पुन्हा लग्न केले नाही. तो अधिकच अबोल झाला. पण काम थांबले नाही. थॉमसनबरोबर त्याने दाखवून दिले की दाबाखालचा वायू सच्छिद्र बुचातून निसटला की बहुतेक वेळा गार होतो. हवा द्रवरूप करण्याच्या तंत्राचा पाया याच प्रयोगात आहे. २०२१ साली प्राणवायूचे टँकर कुठवर आले याची आपण घरोघरी चौकशी करत होतो, त्या द्रवरूप प्राणवायूमागेही या दोघांची ती नळी आणि ते बूच होते.

आता त्या नऊ रुपयांच्या फरकाकडे येतो.

१८६० च्या दशकात ब्रिटिश असोसिएशनने विजेच्या विरोधाचे प्रमाणित एकक ठरवले. ज्यूलला सांगण्यात आले की, हे एकक वापरून तारेच्या उष्णतेवरून तोच दर पुन्हा काढा. म्हणजे तरुणपणीच्याच प्रयोगाकडे, पाण्यातल्या तापत्या तारेकडे परत जायचे. १८६७ मध्ये उत्तर आले सुमारे ७८३. पाणी घुसळून आलेले होते ७७२. शंभरात दीडचा फरक! एवढे कोण बघतो? पन्नाशीच्या घरातल्या, देशभर मान्यता पावलेल्या माणसाने मापनातली किरकोळ तफावत म्हणून ती सोडून दिली असती तर कुणी बोट ठेवले नसते. पण ज्यूल उठला आणि पुन्हा पंख्याचे चाक जुळवायला लागला. नवी उपकरणे, नवी काळजी, पुन्हा तीच वजने खाली सोडणे आणि वर गुंडाळणे. १८७८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : ७७२.५५. जुना हिशेब बरोबर होता. मग चूक कुठे होती? चूक निघाली प्रमाणित एककातच. ब्रिटिश असोसिएशनने ठरवलेला ओहम हाच खऱ्या मापापेक्षा एक टक्क्याहून अधिक कमी भरत होता. दुकानदाराचा हिशेब चोख होता, खोटे होते ते वजनाचे माप.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्याला पैशाची ओढाताण सोसावी लागली. १८७८ मध्ये सरकारने दरसाल २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. प्रकृती ढासळत गेली. १८८९ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले, आणि त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला सेलमधल्या घरी तो वारला. मँचेस्टरच्या टाउन हॉलमध्ये त्याचा संगमरवरी पुतळा आहे. समोरच बसलेले आहेत त्याचे गुरू डाल्टन.

दगडावरचा आकडाही अखेरचा ठरला नाही, हे सांगायला हवे. आजच्या मोजमापाने तो दर ७७८ च्या आसपास येतो, म्हणजे ज्यूल शंभरात पाऊण टक्क्याने कमी पडला. १८७९ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री रोलंड यांनी दाखवले की पाऱ्याचा थर्मामीटर आणि हवेचा थर्मामीटर यांच्या अंशांत थोडा फरक असतो, आणि पाण्याची उष्णता धरण्याची क्षमताही तापमानागणिक किंचित बदलते. त्या पाऊण टक्क्यातला बराचसा भाग असा सापडला. खातेवही पुढच्या माणसाच्या हाती गेली, एवढेच. ज्यूलला याचे वाईट वाटले असते असे मला वाटत नाही. कारण हरवलेले सापडते, शोधणारा हवा, यावरच त्याचा सगळा विश्वास होता. अमेलियाच्या बाबतीत मात्र असा कुठलाही ताळा त्याला मांडता आला नाही. माणसाच्या काही तुटी कुठल्याच खात्यात जमा होत नाहीत, हे तेवढे खरे.

घरी येणाऱ्या वीजबिलावर एक युनिट म्हणून जे लिहिलेले असते, ते म्हणजे ३६ लाख ज्यूल. जराही गळती झाली नाही तर एवढ्यात दोन बादल्या पाणी वीस अंश सेल्सिअसने तापते. थंडीच्या महिन्यांत बिल फुगले की आपण मीटरला दोष देऊन मोकळे होतो. त्याऐवजी एका रविवारी मुलांना किंवा नातवंडांना हाताशी घ्यावे. मीटरचे आकडे लिहावेत, एक बादली मोजून तापवावी, थर्मामीटरने तापमान घ्यावे आणि किती युनिट कुठे गेले याचा हिशेब त्यांनाच मांडू द्यावा. हिशेब जुळणार नाही. तो का जुळत नाही हे शोधण्यात दुपार कशी गेली, ते मुलांना कळणारही नाही.